उत्तरपक्ष आणायला वऱ्हाडात

वऱ्हाडातून परत आलेल्या माणसाला पुण्यात सध्या एकच प्रश्न विचारतात, कापसाचा भाव काय? मलाही नदीवर भेटलेल्या पहिल्याच गृहस्थाने तो विचारला. मी म्हणालो, मी कापसासाठी गेलो नव्हतो, तत्त्वज्ञानासाठी गेलो होतो. गृहस्थाने इकडेतिकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "नसेल सांगायचं तर नका सांगू. पण आमच्या मेहुण्याला तिकडे कुठे चिकटवता येईल का, तेवढं बघा." तेव्हापासून मी खरे सांगायचे सोडले होते. आता लिहूनच टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळे सांगायला नको.

माझे गुरू तात्याशास्त्री. शनिवारात त्यांच्या ओसरीवर मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून दर्शने शिकलो आणि पस्तिशी उलटली तरी तिथेच बसत होतो. तात्यांची दृष्टी गेली होती, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. दर्शनांचा इतिहास लिहून पुरा करायचा, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. कुठला विचार कुठल्या विचाराशी भांडून मोठा झाला, हे ते असे सांगत की जणू भांडणारे सगळे त्यांच्या आळीतलेच होते. मी मात्र सगळे पोथीतून शिकलेला. त्यावरून ते मला नेहमी टोचत. "दर्शन म्हणजे पाहणं, विनायका. तू आजवर पाहिलंस काय? पर्वती!"

ग्रंथात बौद्धांचे प्रकरण आले आणि काम थांबले. आमच्या ग्रंथांची एक रीत असते. आधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, तो पूर्वपक्ष. मग त्याचे खंडन, तो उत्तरपक्ष. ज्याचा शब्द शेवटी, तो जिंकला. बौद्ध म्हणतात, सगळे क्षणभंगुर आहे. संध्याकाळी लावलेली दिव्याची ज्योत पहाटे तीच नसते, तसा काल निजलेला माणूस आज उठलेला माणूस नव्हे. हा पूर्वपक्ष तात्यांनी झोकात सांगितला. उत्तरपक्षासाठी मी बोरू दौतीत बुडवून बसलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

मग त्यांनी मला काशीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी तात्या आणि वऱ्हाडातले भिकाजीशास्त्री एका गुरूकडे शिकत होते, एका खोलीत राहत होते, एका पातेल्यात भात शिजवत होते. एकदा सभेत तात्यांनी गंमत म्हणून बौद्धांची बाजू घेतली आणि भिकाजींनी आत्म्याची. तात्या जिंकले. भिकाजी त्याच दिवशी पातेले तात्यांना ठेवून निघून गेले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

"पण मी त्याला बोलूच दिलं नाही," तात्या म्हणाले. "त्याच्यापाशी उत्तर होतं. तोंडावर दिसत होतं. ते मी ऐकून घेतलं नाही. पोथ्यांतली उत्तरं मला पाठ आहेत रे, पण या ठिकाणी मला त्याचं उत्तर हवं आहे. अमरावतीला कुणा पाटलाकडे असतो म्हणतात. जा, मी आहे तोवर घेऊन ये."

वैद्यबुवा नाडी पाहून हल्ली नुसतेच मान हलवत होते. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

अकोला

पुण्याहून अकोल्यापर्यंतची वाट मी वाचकांना सांगत नाही. धूळ सगळीकडे सारखीच असते आणि गाडीवानांची भाषाही. काळी जमीन लागली की वऱ्हाड आले असे समजावे. ती जमीन इतकी काळी की वहाणेला लागलेली माती निघत नाही. कापसाने पांढरी झालेली शेते पाहून माझ्यासारख्याला सुद्धा दोन ओळी सुचल्या होत्या. पण अकोल्याच्या बाजारात शिरलो आणि त्या विसरलो.

बाजारात माणसापेक्षा उंच कापसाच्या गंज्या. कापूस केसांत, नाकात, कढीत. धर्मशाळेत मला जी कढी वाढली तिच्यात कढीलिंबापेक्षा रुई जास्त होती. वाढणाऱ्याला दाखवले, तर म्हणाला, "आजकाल याच्यापेक्षा महाग काय हाय बावा? खाऊन घ्या."

तिथेच सखाराम नावाचा दलाल माझ्या शेजारी जेवायला होता. मला तो बाजार दाखवायला घेऊन गेला. एका गंजीपाशी थांबून त्याने कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढला. वरचा कापूस दुधासारखा, हातातला ओला आणि त्यात चांगले दोन खडे. गंजीचा मालक आभाळाकडे पाहू लागला.

मला फार आनंद झाला. प्रत्यक्ष दिसेल तेवढेच खरे, बाकी सगळे थोतांड, असे मानणारा चार्वाक पोथीत वाचला होता. इथे तो पानाचा तोबरा भरून माझ्यासमोर उभा होता. मी विचारले, "म्हणजे तुम्ही अनुमान मानत नाही?"

"ते काय असते?"

"वरचा कापूस चांगला आहे, त्याअर्थी खालचाही चांगला असणार, असं धरून चालणं."

सखाराम दलालाने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "तुमी धंदा नका करू," तो म्हणाला.

पुढे दोन थोर पोटांचे व्यापारी एकमेकांचा हात धरून उभे होते. हातांवर रुमाल झाकलेला. दोघेही भलतीकडे पाहत होते, पण रुमालाखाली बोटांची वळवळ चाललेली. बोटे दाबून भाव ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही, असे सखारामाने सांगितले. आता 'भाव' हा शब्द आमच्या शास्त्रात असण्याला वापरतात आणि 'अभाव' नसण्याला. अभाव म्हणजे काय, यावर माझी दोन वर्षे गेली. अकोल्यात भाव म्हणजे काय, हे रुमालाखाली चिमूटभर वेळात ठरत होते. शिवाय ठरवणाऱ्यांच्या तोंडावर आमच्या नैयायिकांपेक्षा जास्त समाधान होते.

"पण हा भाव एवढा चढला कशानं?" मी विचारले. कारण पुण्यात आम्ही हे ऐकून होतो, पण अनुभवी माणसाकडून ऐकायचे होते.

"तिकडं अमेरिकेत लढाई लागली ना. तिकडचा कापूस बंद." मग तो अगदी देवाचे नाव घ्यावे तसा म्हणाला, "तिकडं मानसं मरून राहिले, तं अठी भाव चढून राहिला. देव करो अन् लढाई नको थांबो."

त्याच्या मागे मारुतीचे देऊळ होते. तिथे आत एकजण नेमका हाच नवस बोलत होता, असे सखाराम म्हणाला. कार्यकारणभावाचे इतके निर्लज्ज उदाहरण मी कुठल्याही ग्रंथात वाचलेले नाही. आम्ही बापडे धूर आणि अग्नी यांवरच भागवतो.

अमरावती

तात्यांचे 'कुणी पाटील' म्हणजे जानराव पाटील, हे अकोल्यातच कळले होते. त्यांचे घर विचारावे लागले नाही. वेशीपासूनच लोक बोट दाखवत होते. चार वर्षांपूर्वी साधे कुणब्याचे घर होते म्हणे. आता पुढे नवा चौसोपी इमला चढत होता आणि तो पुरा होईपर्यंत मुंबईहून आणलेली काचेची झुंबरे गोठ्यात टांगली होती, कारण जुन्या घराचे आढे ठेंगणे पडत होते. खाली बैल रवंथ करत होते. त्यांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या.

पाटील दिलदार माणूस. मी पुण्याहून आलो आणि शास्त्री आहे एवढे कळताच त्यांनी मला पाटावर बसवले आणि पाय धुवायला पाणी मागवले. मी भिकाजीशास्त्र्यांची चौकशी केली.

"शास्त्रीबुवा? ते तं पातूरले गेले ना! तठी मरून राहिले," पाटील म्हणाले.

इतक्या लांब येऊन हे ऐकायचे! "कधी गेले?" मी कसेबसे विचारले.

"दिवाईच्या आंधी."

"अरेरे. आणि कशानं गेले?"

"छकड्यानं."

"छकड्यानं!" छकड्याच्या चाकाखाली सापडलेला वृद्ध विद्वान माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"मंग काय पालखीनं जातीन?" पाटील म्हणाले. मला हा माणूस फार कठोर वाटला.

'मरून राहिले' ही बोलण्याची तऱ्हाही मला जरा खटकली होती. पण मेलेला माणूस मेल्या ठिकाणीच राहतो, तेव्हा वऱ्हाडी लोक बोलायला राकट असले तरी तत्त्वाला धरून बोलतात, असे मी मनाशी म्हटले. मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून गार पाण्याने आंघोळ केली. दिवस पौषातले. ओले धोतर नेसून दात वाजवत मी ओसरीवर बसलो. पाटलांनी माझ्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला होता, ती मी नाकारली. पुण्याची माणसे गोड खात नाहीत, ही बातमी अमरावतीत त्या दिवशी पसरली.

आता तात्यांना काय सांगायचे, या विचाराने मला काही सुचेना. लगेच परत निघणार होतो, पण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि पाटलांनी हात जोडले, "आमची सभा पाहून तरी जा."

सभा पाहिली. पैसा आल्यावर माणसे हत्ती पाळतात, कलावंतिणी ठेवतात. जानराव पाटलांनी दर्शने ठेवली होती. प्रत्येक दर्शनाचा एक पंडित, खाऊनपिऊन वर्षासन. दर गुरुवारी ते सगळे वाद घालत आणि गावातले प्रतिष्ठित लोक पान खात ऐकत. सांख्यवाले म्हणत होते की पुरुष फक्त पाहतो, करत काहीच नाही. ते स्वतः तसेच वागत होते, त्यांचा घामाघूम शिष्यच सगळे बोलत होता. योगवाले समाधीत होते. ती घोरणारी समाधी होती. वेदान्तवाल्यांनी जग मिथ्या असल्याचे पाच प्रकारे सिद्ध केले आणि मग मागच्या आठवड्यात आपल्या पानात वांगे कमी पडले होते, हा विषय काढला. पुण्यातही हेच चालते. फक्त तिथे आम्ही वांग्याचा विषय दुसऱ्याकरवी काढतो.

"मीमांसा तेवढी रिकामी हाय," पाटील माझ्या कानाशी म्हणाले. "तुमी राहता काय?"

मी विषय बदलला. भिकाजीशास्त्री इथे कोणत्या दर्शनाचे होते, असे विचारले.

पाटील जरा ओशाळले. "त्याईले न्याय देल्ला होता. मंग लोक म्हने, सभेत कोनी हरनारा पाह्यजे, त्याबिगर रंग नाई येत. म्हनून आमी म्हन्लं, शास्त्रीबुवा, तुमी बौद्ध व्हा. दर गुरुवारी हरा, वर्षासन दुप्पट. तं ते असे भडकले! पंचपात्र फेकून मारलं मले. अन् तसेच छकड्यात बसून भाचीकडं चालले गेले."

म्हणजे छकडा फक्त नेणारा होता, मारणारा नव्हे. ज्या माणसाने एकदा बौद्धांच्या बाजूकडून हार खाल्ली आणि खोली, मित्र, काशी सगळे सोडले, त्यालाच यांनी पगारी बौद्ध करून दर आठवड्याला हरायला सांगितले होते. पाटलांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांचा मी काय राग धरणार?

सभा संपली, लोक पांगले आणि पाटलीणबाईंनी आतून सांगितले, "स्वयंपाक करून राहिली, या." या बाई म्हणजे घरातले खरे सरकार. हातभर सोने, पण चुलीवर दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. माझे सोवळ्यातले कोरडे खाणे वेगळे होते, पण ओसरीवर पाने मांडली की सगळ्यांनी एकदम बसावे अशी तिथली रीत होती. मी हातपाय धुऊन पाटावर जाऊन बसलो. समोर काही नाही. बराच वेळ काही नाही. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दोन दिवसांचा अर्धपोटी मी जरा तिखटपणेच म्हणालो, "बाई, स्वयंपाक झाला म्हणालात ना?"

"झाला कुठं म्हन्लं?" बाई दारात आल्या. हाताला पीठ. "करून राहिली म्हन्लं. होईन आता."

"करून राहिली म्हणजे, करून झाल्यावर मग राहिली, असंच ना?"

"अवो, करून राहिली म्हंजे करून राहिली! हे पाहा हात. झाला असता तं 'झाला' नसतं म्हन्लं काय?"

मी पाटावरून उठलो. "बाई, मग मरून राहिले म्हणजे काय?"

"मरून राहिले म्हंजे मरून राहिले. जीव जाऊन राहिला, गेला नाई. गेला असता तं मेले म्हन्लं असतं सरळ." मग त्यांच्या ध्यानात आले. माझे ओले धोतर, नाकारलेली पोळी, सगळे एकदम ध्यानात आले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत पाटलांना हाक मारली, "अवो, आयकलं काय! या बावानं शास्त्रीबुवाची आंघोय करून टाकली!"

घर हसले. गोठ्यातला गडी हसला. वेदान्ती हसले, जग मिथ्या असूनही. मी हसलो नाही. मी दोन दिवस एका जिवंत माणसाचे सुतक पाळत बसलो होतो आणि तिकडे तो त्या दोन दिवसांत खरोखर मरत होता. पुण्यात आम्ही शब्दाचा अर्थ लावण्याची तीन शास्त्रे शिकवतो आणि मला पलीकडच्या जिल्ह्यातले क्रियापद कळले नव्हते. मला स्वतःचा इतका राग आला की पान तिथेच सोडून निघालो.

पाटलांचे हसू मात्र लगेच थांबले. "आमची गाडी घेऊन जा. आमचे बैल वाऱ्यासारखे हायेत," ते म्हणाले.

पातूरची वाट

वाऱ्यासारखा एकच होता. बैलांची नावे भिकाजीशास्त्र्यांनी ठेवली होती, द्वैत आणि अद्वैत. द्वैत जीव तोडून ओढत असे. अद्वैताला कुठेही जायचे नव्हते. मूर्तिजापूरच्या अलीकडे तो भर रस्त्यात खाली बसला, चांदीच्या शेंब्यांसकट. गाडीवान महादू म्हणाला, "बसून राहिला."

आता मी शहाणा झालो होतो. "म्हणजे बसतो आहे, की बसलेला आहे?" मी विचारले.

"डोये नाईत काय तुमाले?" महादू म्हणाला.

बैल उठेपर्यंत शेजारच्या शेतात आम्हाला बोलावले. ज्वारीची कोवळी कणसे आरावर भाजून, हाताने चोळून हुरडा काढत होते. सोबत जवसाची चटणी. पुण्यात पाहुण्याला दोन घास वाढून 'आणखी घ्या ना' असे पाचदा म्हणतात. इथे एकदाच, "खा," म्हणाले आणि पुढ्यात ढीग टाकला. पुण्याच्या कानाला ते रागावल्यासारखे वाटते. पण भूक लागलेली असताना मला ते फार आवडले. जीव टांगणीला असूनही मी पोटभर खाल्ले, हे इथे नमूद करतो. आत्म्याविषयी काहीही सिद्ध झालेले नसले तरी पोट आहे, याविषयी सर्व दर्शनांचे एकमत आहे.

अद्वैत शेवटी उठला, तोही कोणी न सांगता.

पातूर

पातूरच्या बाहेर टेकडीत कोरलेली लेणी आहेत. कोणी म्हणतो पांडवांची, कोणी म्हणतो बौद्धांची. गाडी तिथूनच गेली, पण मी उतरलो नाही. आत वटवाघळे आहेत, एवढे महादूने सांगितले ते पुरे झाले.

भाचीचे घर गावाच्या टोकाला होते. भाची विधवा, गोदूताई नाव. तिने दारातच सांगितले, "मामा आयकतात सगळं, पन बोलाले थकतात. जास्त चिडवू नका त्याईले." अंगणात बाजेवर, उन्हात, एक वाळलेला म्हातारा पडला होता. जिवंत! मी पायांवर डोके ठेवले आणि मला रडू आले.

"कोन हाय हा?" भिकाजीशास्त्री म्हणाले. "काहून रडून राहिला?"

मी तात्यांचे नाव सांगितले. म्हाताऱ्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मेला काय तो?"

"नाही. पण फार थकले आहेत. काशीच्या सभेतलं तुमचं उत्तर त्यांनी मागितलं आहे. तुम्हाला बोलू दिलं नाही, असं म्हणतात."

"बोलू देल्लं नाई, एवढंच सांगतलं त्यानं? कसं नाई बोलू देल्लं, ते नाई सांगतलं?" गोदूताईने उशी वर केली. म्हातारा धापा टाकत उठून बसला. "मी संस्कृतात बोलून राहिलो होतो. मंधातच अडखळलो. गुरुजी म्हने, काय झालं भिकाजी? माह्या तोंडातून आपली घरची भाषा निंघाली. म्हन्लं, 'थांबा, सांगून राहिलो.' तं हा तात्या उठला, अन् सभेकडं तोंड करून म्हने, 'आयका हो! हे सांगून राहिले! यांचं सांगून झालं, आता नुसते राहिले!' सारी तुमची पुन्याकडची मंडळी हसली. गुरुजीबी हसले. उत्तर माह्या घशातच राह्यलं."

अमरावतीच्या पाटावर मी जे अडाणीपणाने केले, तेच तात्यांनी काशीत जाणूनबुजून केले होते. तात्या त्या माणसाबरोबर तीन वर्षे एका खोलीत राहिले होते. अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

"ते उत्तर काय होतं?" मी विचारले.

"इसरलो."

मी काढलेला कागद पुन्हा गुंडाळू लागलो.

"खरंच इसरलो. पोथीतलंच असन काहीतरी. तवा लय भारी वाटलं होतं." म्हातारा खोकला. गोदूताईने पाणी पाजले. पाणी पिऊन तो मागे टेकला, मला वाटले डोळा लागला. मग एकदम माझे मनगट धरले. त्या हाडकुळ्या हातात एवढा जोर असेल, असे वाटले नव्हते.

"पन आता एक हाय. लिहून घे. तात्या म्हने, मानूस क्षनाक्षनाले नवा. कालचा आज नाई. ठीक हाय. मंग चाळीस वर्सं मी रागावून राहिलो, ते कोन? कालचा भिकाजी कालच गेला, त्याचा राग त्याच्यासंगं जाले पाह्यजे होता. नाई गेला. सकाळी उठलो का राग अठीच. काशीतला तो आवाज, ते हसनं, जसंच्या तसं. राग तोच हाय, तं रागावनारा तोच हाय. झाला आत्मा सिद्ध." मग हात सोडून तो मागे टेकला आणि त्याच्या तोंडावर पोरासारखा खट्याळपणा आला. "अन् त्याले सांग, मी अजून रागावून राहिलो. रागावलो होतो, नाई. रागावून राहिलो. त्याले समजते."

मी शब्दन्‌शब्द लिहून घेतले. एवढे पाठांतर करून, एवढे ग्रंथ उपसून, आत्म्याचा पुरावा म्हणून म्हाताऱ्याने आपला रुसवा पुढे केला होता.

दोन दिवस मी तिथे राहिलो. तो मधूनमधून बोलायचा. तात्या अजून भात करपवतो का? गाताना अजून भेसूर गातो का? एकदा म्हणाला, "ते पातेलं हाय काय त्याच्यापाशी?" मी हो म्हणालो, मला ठाऊक नव्हते तरी. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बाज आणली आणि गोदूताई दूध घेऊन आली, तेव्हा ते मेले. या खेपेला क्रियापदाविषयी शंका नव्हती. मी आंघोळ केली आणि गोदूताईसाठी जे करता येईल ते करून निघालो.

पुणे

तात्या ओसरीवर माझी वाट पाहत बसले होते. आधी मी मरण सांगितले. त्यांनी अंगावरचे पांघरूण बाजूला केले, विहिरीवर हाताला धरून न्यायला लावले आणि आंघोळ केली. वैद्य ओरडत होते. मग ओसरीवर बसून म्हणाले, "वाच."

मी वाचले, वऱ्हाडीतच, जसेच्या तसे. "रागावून राहिलो" आले तेव्हा त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. मग ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. "म्हणजे विसरला नाही मला! चाळीस वर्षं रोज आठवण काढली बेट्यानं!"

पण म्हातारा अखेर नैयायिक. हसणे पुरे होण्याआधीच त्यांची मान ताठ झाली आणि बोट वर गेले. "पण विनायका, बौद्ध गप्प बसेल काय? तो म्हणेल, एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा, त्यावर तिसरा. उजेड चालू राहतो, पण दिवा एक नसतो. तसा कालच्या रागानं आजचा राग पेटवला, आजच्यानं उद्याचा. रागाची नुसती माळ आहे, रागावणारा कोणीच नाही! उडालं की भिकाजीचं उत्तर! साधं आहे. अगदी साधं—"

ते बोलता बोलता थांबले. बोट तसेच वर राहिले होते.

"लिहिलंस का?"

"नाही अजून," मी म्हणालो.

"लिहू नकोस." त्यांनी हात खाली घेतला. "त्याचं उत्तर लिही, त्याच्याच शब्दांत. आणि पुढे लिही, 'यावर पूर्वपक्षाला काही सुचत नाही.' आणि प्रकरण संपव."

मी तसे लिहिले. तात्या त्यानंतर उन्हाळाभर होते. इतिहास पुरा झाला.

हल्ली आमच्याकडे नवे नैयायिक तो चाळायला येतात. परवा एक आला, चांगला हुशार, तोंडाचा पट्टा सैल. त्या प्रकरणापाशी थांबला, पुन्हा वाचले आणि मोठ्याने हसला. "कमाल आहे! दिव्यावर दिवा, एवढं साधं खंडन! शेवटी शेवटी तात्यांची बुद्धी चालत नव्हती, नाही?" हा गृहस्थ प्रवासवर्णने वाचत नाही, ती त्याला हलकी वाटतात, म्हणून हे इथे लिहायला हरकत नाही.

"नाही," मी म्हणालो. "सुचलंच नाही त्यांना."